किटलीतला पाहुणचार

दारूला आयुष्यात कधी न शिवलेल्या माणसाला मी भर हॉटेलात स्वतःच्या हाताने दारूचा कप भरून दिला आणि वर ‘अर्धा तरी घ्याच’ असा आग्रह केला. हा माणूस माझा होणारा सासरा होता. निदान त्या संध्याकाळी सातपर्यंत तरी होणारा.

ते नागपूरहून मुद्दाम मला बघायला आले होते. निवृत्त सरकारी अधिकारी, पंचशील पाळणारे. मद्य वर्ज्य म्हणजे वर्ज्य. आयटीतली पोरं शुक्रवार आला की पितात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांची मुलगी माझ्याच कंपनीत. तिने मला बजावलं होतं, “बाबांची एकच शंका आहे. ती फिटली तर लग्न, नाहीतर विसर.” मी हट्टाला पेटलो. होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि ही शंका फेडायला जागा कुठली निवडली? कल्याणीनगरातलं नवं, झगझगीत चायनीज हॉटेल, कॉकटेलसाठी नावाजलेलं! खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मला चायनीज म्हणजे गाडीवरचं लालभडक मंचुरियन ठाऊक. पण छाप पाडायची होती ना. शिवाय वेटरला काही म्हणजे काही विचारायचं नाही, हेही ठरवलेलं. विचारलं की अडाणीपणा कळतो.

ती हिंजवडीहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकली. फोनवर म्हणाली, “मी पोचेपर्यंत बाबांना चहा तरी विचार.” पाहुणा टेकला की आधी चहा, हे तिने सांगायची गरज नव्हती. कार्डावर एका फोटोत मातीची किटली आणि इवलेसे बिनकानाचे कप दिसले. मी रुबाबात बोट ठेवलं.

किटली आली. तोटीतून धूर निघत होता. मी दोन कप भरले, माझ्या कपावर फुंकर मारली, घोट घेतला. बर्फासारखा गार!

“चिनी लोक असाच पितात, काका,” मी ठोकून दिलं. “घ्या ना.”

त्यांनी कप नाकापाशी नेला आणि खाली ठेवला. “तुम्ही घ्या. मी बघतो.”

“अहो, अर्धा तरी घ्याच!”

“कसा आहे?”

“जरा उग्र आहे. आलं जास्त पडलंय.”

वाया घालवायचं नाही, या घरच्या शिस्तीने मी त्यांचाही कप संपवला. कान तापले. आमच्या क्वार्टर्समध्ये पाणी किती वाजता येतं, हे मी त्यांना सांगू लागलो. बऱ्याच मोठ्याने.

त्यांनी वेटरला बोलावलं. “यात काय काय आहे हो?”

“रम, लिची, ग्रीन टी, आल्याचं सिरप. अन् धुरासाठी तळाशी ड्राय आइस,” तो अभिमानाने म्हणाला.

पळून जावंसं वाटलं. पण नाही. मी त्यांच्याकडे सरळ बघत म्हणालो, “काका, मला खरंच माहीत नव्हतं. विचारलं तर अडाणी दिसेन म्हणून विचारलं नाही. तुम्ही आज नाही म्हणालात, तरी उद्या नागपूरला येऊन परत विचारीन.”

मग मी वेटरला थांबवलं आणि जेवणातल्या एकेका पदार्थात काय असतं, ते विचारायला घेतलं. चौथ्या पदार्थाला ती धापा टाकत आली. किटली बघून तिचा चेहरा उतरला.

“बाबा, हा प्यायलाय?”

“दोन कप रिचवले यानं,” ते शांतपणे म्हणाले, “अन् आल्याचा चहा समजून राहिला. पीत नाही, एवढं पटलं मला. अक्कल नाही, ते तुझं तू बघ.”