धरलंय

धाकट्या भावानं तिचं नाव धडधड ठेवलं होतं, आणि ते चुकलं असं तिलाही म्हणता येत नव्हतं. लहानपणी दोघं एका पांघरुणात झोपायची. त्याचा कान तिच्या पाठीला लागला की तो ओरडायचा, "ताईच्या आत कुणीतरी धावतंय!" पुढे त्याला नोकरी लागली, बायको आली, मुलगी झाली, डोक्यावरचे केसही निघून चालले, पण ताईच्या आतलं धावणं काही थांबलं नाही.

ती लिफ्टला घाबरायची, कुत्र्याला घाबरायची, अनोळखी नंबरवरून फोन आला तर घाबरायची, आणि ओळखीच्या नंबरवरून अवेळी आला तर जास्तच. घरातून निघताना गॅसचं बटण बघायची, कुलूप ओढून बघायची, मग कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! आई गेली तेव्हा भाऊ तिच्या कमरेलाही येत नव्हता. तो तापला तर रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसायला, रस्ता ओलांडताना त्याचं मनगट काळंनिळं होईस्तोवर धरायला दुसरं होतं कोण? घाबरून घाबरूनच तिनं त्याला मोठं केलं होतं. त्याला साधं खरचटलंही नाही कधी, याचं श्रेय मात्र कुणी त्या भीतीला दिलं नाही.

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडं कापायची. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे एकावर एक थर, आणि भोवती शिलाई मशिनांचा असा कल्ला की शेजारचा काय बोलतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखावं. टेबलाच्या दोन टोकांना दोघी उभ्या राहून कापड पसरत. हाक मारून उपयोग नसायचा, म्हणून कापडालाच हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे "धरलंय." दोन म्हणजे "आता सोड." कुणी शिकवलं नव्हतं, कापणाऱ्या बायकांत ते आपसूक चालत आलं होतं. त्या कल्ल्यात वर्षं काढल्यामुळे तिचा आवाजही चढला होता. ती कानात काही सांगायला लागली की शेजारच्या खोलीतला माणूस "हो" म्हणायचा. ही कुजबुज आहे, अशी तिची मात्र प्रामाणिक समजूत होती.

भावाची मुलगी शाळा सुटली की आत्याजवळ कारखान्यात यायची. आत्या तिला बटण म्हणायची, कारण ती तेवढीशीच होती आणि सारखी हरवायची. बटण टेबलाच्या टोकाला चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून चित्रं काढायची. मधूनच आत्याच्या स्वेटरची डावी बाही एकदा ओढायची: धरलंय. आत्या तिच्या फ्रॉकची बाही एकदा ओढायची: मीही. घरी पोचल्यावर दारात आईला बघितलं की बटण दोनदा ओढायची आणि सुटायची. त्या ओढाओढीत स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब झाली होती. नवा घे म्हटलं तर आत्या म्हणायची, "घेईन की, घाई काय आहे?"

दिवसातले तेवढेच तास तिचे होते. आणि तेच आता जाणार होते.

बटणला पोचवायला गेली असताना तिला ते जिन्यातच ऐकू आलं होतं. बटण शेजारच्यांच्या मांजराशी खेळत मागे राहिली होती, घराचं दार अर्धं उघडं होतं आणि आत भावजय भावाला सांगत होती, "ताईंचा जीव आहे तिच्यावर, मी कुठं नाही म्हणते? पण पोरगी आता कठडा सोडून जिना उतरत नाही. पोहायला जा म्हटलं तर बुडेन म्हणते. काल गॅस बंद आहे का बघायला दोनदा उठली. हे येतंय कुठून? पुढच्या महिन्यापासून पाळणाघरात घालू या."

भाऊ काहीच बोलला नाही. भावजयीच्या बोलण्यापेक्षा त्याचं ते गप्प बसणंच तिला जास्त लागलं. ती दोन पायऱ्या खाली उतरली, मुद्दाम चपला वाजवत पुन्हा वर आली आणि हसत आत गेली.

म्हणूनच, पुढच्या सुट्टीला सगळी मिळून थीम पार्कला गेली आणि बटणनं "मला काळ्या भुयारात जायचंय" असा हट्ट धरला, तेव्हा आत्या घाबरली ती नुसती भुयाराला नव्हे. भुयारातून बोट जायची, आणि लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवंच, अशी पाटी होती. भावाला पाण्यातली बोट नुसती बघूनच मळमळायचं. भावजयीची कंबर धरलेली, आणि पाठदुखीवाल्यांनी बसू नये अशीही पाटी होती. भावजयीनं तिच्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही जाल?"

साधाच प्रश्न. पण आत्याला वाटलं, आपली परीक्षा आहे आणि पाळणाघर पलीकडच्या बाजूला उभं आहे.

"जाईन की," ती म्हणाली. "त्यात काय घाबरायचंय?"

भाऊ फस्सकन हसला. भावजय हसली नाही.

रांग पुढं सरकत होती तसं तिच्या तोंडचं पाणी पळत होतं. आतून बोट बाहेर यायची ती किंचाळ्यांनी भरलेली. मग तिनं तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती: आधी विचारून घ्यायचं. दात काढायचा तर डॉक्टरला कोणत्या वेळी काय टोचणार ते विचारायची, सिनेमा बघायचा तर शेवटी कोण मरतं ते विचारायची. बोटीत माणसं बसवणारा पोरगेलासा कामगार कंटाळलेलाच होता. त्यानं सगळं सांगून टाकलं. आधी डावीकडून सांगाडा, मग वरून वटवाघळं, मग पाण्यातून हात, मग लाल डोळ्यांचा म्हातारा.

"आणि शेवटी?"

"शेवटचं नाही सांगत," तो म्हणाला. "तेवढं राहू द्या की, बाई."

ते "तेवढं" डोक्यात घेऊनच ती बोटीत बसली. मांडीवर पट्टा आला, बोट हलली, दार मागं बंद झालं आणि काळोख असा आला की डोळे उघडे आहेत का हे हातानं चाचपून बघावं. पण पोरीला भीती लागू द्यायची नव्हती. ती बटणच्या कानाशी वाकली आणि तिच्या मते अगदी हळू म्हणाली, "घाबरू नकोस हं. आता डावीकडून सांगाडा येईल. प्लॅस्टिकचा आहे."

सांगाडा आला. बोटीत कुणीही किंचाळलं नाही.

"आता वरून वटवाघळं. रबराची. दोरीला बांधलेली."

वटवाघळं आली, गेली. मागून एका मुलीचा रडवेला आवाज आला, "बाबा, त्या बाई सगळं आधीच सांगतायत!"

"आता पाण्यातून हात..."

"अहो बाई," पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळून म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता, आणि म्हणून तो जास्त झोंबला. "आम्हालाही जरा घाबरू द्या की. त्यासाठीच तर उन्हात उभे राहिलो."

तिचे कान तापले. आपलं कुजबुजणं सगळ्या बोटीला ऐकू जात होतं हे तिला तेव्हा कळलं. मागची पोर मुसमुसत होती. दुसऱ्याच्या मुलीची गंमत आपण नासली, हे तिला फार लागलं. "चुकलं माझं," असं ती म्हणाली, तेही मोठ्यांदाच, आणि ओठ घट्ट मिटून बसली.

आणि मग भीती खरी सुरू झाली. ती बोलत होती तोवर भीतीला वाट तरी होती. आता नुसतं ऐकणं उरलं. पाण्याचं चुबुक चुबुक, कुठंतरी साखळी घासल्याचा आवाज, पाठीवर गार वारा. पाण्यातून हात आला तेव्हा तो येणार हे माहीत असूनही ती इंचभर उडाली. लाल डोळ्यांचा म्हातारा वाकून हसला आणि सगळी बोट किंचाळली. मागची पोरगीसुद्धा, अगदी मनापासून. बटण? बटणचा आवाज तिला ओळखू आला नाही. रडतेय का? थिजली तर नाही? आपल्यासारखीच आतल्या आत धावतेय का?

म्हातारा मागं गेला. यापुढचं तिला माहीत नव्हतं.

बोट हळू झाली. आणखी हळू झाली. थांबली.

काहीच नाही. आवाज नाही, उजेड नाही, वारा नाही. तिनं श्वास रोखला. क्षण गेला, आणखी गेला. हे काही बरं नाही, तिच्या मनानं घेतलं. बोट बंद पडली. बाहेर कुणाला पत्ता नाही. वीज गेली असेल, साखळी तुटली असेल, पाणी चढत असेल. पट्टा निघत नसला तर? पोरीला मी बाहेर कशी काढू? भावजयीला काय सांगू? छाती इतकी उडत होती की पुढच्या बाकालाही ऐकू जावी. तिनं खिशात हात घातला, मोबाइल चाचपला, बॅटरीच्या बटणावर अंगठा आला. एक दाबलं की लख्ख. आणि तोंडही उघडलं. दिवे लावा, बोट अडकलीय, लेकरं आहेत आत, असं सगळं एका दमात ओरडायला.

"बाबा," मागून ती मुलगी अगदी हलक्या, आनंदानं कापणाऱ्या आवाजात म्हणाली, "आता काय असेल?"

आणि त्याच वेळी तिच्या स्वेटरच्या डाव्या बाहीला हिसका बसला. एक.

धरलंय.

ती तशीच राहिली, तोंड उघडं, अंगठा बटणावर. बाहीतून एक हात चढत आला आणि तिच्या मनगटावर थांबला. कोरडा, ऊबदार हात. तिचा स्वतःचा हात घामानं निथळत होता. तिनं चाचपत पोरीची नाडी धरली, तापात भावाची धरायची तशी. संथ चालली होती. कुणीच धावत नव्हतं आत.

तिनं तोंड मिटलं. मोबाइल खिशात राहू दिला. अंधारात पोरीच्या जॅकेटची बाही शोधली आणि एकदा ओढली. मीही. भीती गेली नाही, मुळीच नाही, उलट वाढली. पण ती गप्प बसून भ्याली. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच भ्याली होती.

मग एकदम छत फाटल्यासारखी गर्जना झाली, पांढरा उजेड फुटला, तोंडावर पाण्याचे तुषार आले आणि बोट उतारावरून सुटली. सगळे किंचाळले. आत्या सगळ्यांत मोठ्यांदा आणि सगळ्यांत शेवटपर्यंत. बाकीचे थांबले तरी ती चालूच होती. पुढचा माणूस डोळे पुसत हसला. "हं! आता कसं!"

मागच्या मुलीनं उतरताना तिच्याकडे वळून पाहिलं. "शेवटचं नाही सांगितलं तुम्ही," ती म्हणाली. तिच्या लेखी आत्यानं ते तिच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

बाहेर बाकावर भाऊ आणि भावजय बसली होती. आत्याचे केस कपाळाला चिकटले होते. भावजय उठून उभी राहिली आणि तिनं पोरीकडे नीट पाहिलं.

"काय गं, घाबरलीस?"

बटणनं आत्याकडे पाहिलं. बाबा आता हसणार आणि धडधड म्हणून चिडवणार, हे तिला माहीत होतं. तिनं हनुवटी वर केली.

"हो," ती म्हणाली. "मी खूप रडले. आत्या नाही घाबरली. आत्यानं मला धरलं होतं."

भावजयीचा चेहरा उतरला. पाळणाघर तिच्या चेहऱ्यावर आलं. आत्यानं ते पाहिलं. पोरीनं आपली लाज राखायला खोटं बोलावं, आणि नेमकं तेच पोरीला आपल्यापासून तोडणार! गप्प बसलं तर आज अब्रू वाचत होती. भाऊ पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकानं बघत होता.

"खोटं बोलतेय ती," आत्या म्हणाली. तिच्या त्या आवाजात, म्हणजे आइस्क्रीमच्या रांगेनंही वळून पाहिलं. "ती नाही घाबरली. मी घाबरले. सगळ्या बोटीची मजा घालवली. शेवटी तर बॅटरी लावून ओरडणारच होते. हिनं माझी बाही धरली. एकदा ओढली. आमचं ते कारखान्यातलं, धरलंय म्हणून. हिची नाडी बघितली मी. तुझ्या मुलीला माझं काही लागलेलं नाही गं. निदान सगळं तरी नाही."

ती रडायला लागली. भाऊ हसला नाही. त्यानं बटणला उचलून खांद्यावर घेतलं आणि उगाचच तिच्या बुटाची नाडी बांधत बसला.

"तुम्ही ऐकलंत वाटतं त्या दिवशी," भावजय हळूच म्हणाली.

आत्यानं मान हलवली.

सगळी फाटकाकडे निघाली. गर्दी फार होती. भाऊ पुढं, त्याच्या खांद्यावर डुलक्या घेणारी बटण, मागं आत्या खाली मान घालून. पुढच्या महिन्यापासून चिंध्यांच्या गाठोड्यावर कुणी नसेल, हेच तिच्या मनात घोळत होतं. फाटकाशी ढकलाढकली झाली आणि भाऊ दिसेनासा झाला. ती नेहमीसारखी दचकली, हात पुढं केला, कुणाला धरावं ते कळेना.

तेवढ्यात डाव्या बाहीला हिसका बसला.

ती वळली. बटण तर पुढं गेली होती. भावजय मागं उभी होती, लांबलेल्या बाहीचं टोक चिमटीत धरून, थोडीशी ओशाळलेली.

"एकदाच ओढायचं ना?" तिनं विचारलं.