चांगुणाबाईची चिंधी

कोल्हारच्या चांगुणाबाईला माणसं दोरीवरून कळायची. दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची. कुणाचं बनियन गुलाबी झालंय, कुणाच्या पोराच्या शाळेच्या शर्टाला निळी झाक आलीय, हे रस्त्यानं जाता जाता टिपायचं आणि घरी येऊन नाक मुरडायचं. "जिला लाल आन् पांढरं येगळं भिजवायचं कळंना, ती पोरांना काय वळन लावनार गं?"

रंग सुटू नये म्हणून बायका बादलीत मीठ टाकतात, हे ऐकलं की तिचं डोकंच फिरायचं. "मीठ भाजीत घाला की! साडीला काय चव आननार हाय?" तिची स्वतःची रीत साधी होती. नव्या कपड्याची आतली शिवण ओली करायची, त्यावर पांढरी चिंधी दाबायची. चिंधीला रंग लागला की तो कपडा जन्मभर एकटा धुवायचा. गार पाण्यात, झटपट, भिजत न ठेवता. पिळून तसाच ओला गोळा टाकायचा नाही, सावलीत पसरायचा. हे सगळं खरंच होतं. पण खरं बोलणारं माणूस एवढं नाकानं कांदे सोलायला लागलं की ऐकणाऱ्याला मिठाचीच बाजू घ्यावीशी वाटते.

तिचा सगळा तोरा एका उपरण्यावर उभा होता. लग्नात तिच्या वडलांनी नवऱ्याच्या, सहादेवच्या, खांद्यावर घातलेलं सुती उपरणं. वडील जाऊन वीस वर्षं झाली. उपरण्याला अडतीस झाली, आणि अजून दुधासारखं पांढरं. दुसऱ्या कुणाचा हात ती त्याला लागू देत नसे.

नव्या घराची वास्तुशांत ठरली. चांगुणाबाईनं स्वतः जाऊन लालभडक साडी आणली. सून रेश्मा, पारनेरची, भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, पूजेत पदराची गाठ मामंजींच्या उपरन्याला बांधत्यात. आधी चिंधी लावून बघायची का?"

"पूजेची साडी कोरीच नेसत्यात, पान्याचा थेंब लावत न्हाईत. एवढं बी शिकवलं न्हाई का आईनं? आन् मी रंग डोळ्यानं वळखते. तू मुकाट भाकरी कर."

रेश्मानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

पूजेला दोघं पाटावर बसली. यज्ञेश्वर गुरुजींनी पदर आणि उपरण्याची गाठ मारली, ती दोघांच्या मध्ये फरशीवर पडली. पहिल्याच अर्ध्या तासात सहादेवचा गुडघा ताम्हणाला लागला आणि सगळं पाणी गाठीवर गेलं.

चांगुणाबाईचा हात झपकन गाठीकडे गेला.

"अं हं," गुरुजी म्हणाले, "आरती होईपर्यंत गाठ सोडायची नाही."

आता बोला! ओलं लाल आणि ओलं पांढरं, घट्ट आवळून, दोन तास. हे पाप दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. आज ती पाटावर बसून बघत होती. गाठीतून आधी गुलाबी कड आली, मग ती सरकत सरकत वर चढली. होम पेटला, आहुत्या पडल्या, तिला काही ऐकू येईना. वडलांचा हात तेवढा दिसत होता, उपरणं खांद्यावर नीट करणारा. आणि गावातल्या सगळ्या बाया समोर बसून तेच बघत होत्या. एकीनं तर दुसरीला कोपरही मारलं.

आरती झाली, गाठ सुटली. उपरण्याच्या टोकाला तळहाताएवढा लाल डाग. चांगुणाबाई ते घेऊन तशीच मोरीत शिरली. मागून रेश्मा आली, तिनं न विचारता उपरणं हातातून घेतलं आणि गार पाण्याच्या धारेखाली धरलं. लाल पाणी वाहत राहिलं. डाग फिका झाला, गेला नाही.

"आता मीठ आन म्हनशील," चांगुणाबाई फणकारली.

"न्हाई. वाळू द्यायचं न्हाई, साबन लावून पुन्ना पुन्ना धुवायचं. तुमीच सांगितलंय."

तेवढ्यात चांगुणाबाईची नजर खिडकीच्या गजाकडे गेली. गजाला एक पांढरी चिंधी अडकवलेली होती. वाळून कडक झालेली, मधोमध लालभडक ठिपका.

"ही कवाची?"

"कालची. तुमी देवळात गेल्तात तवा लावून बघितली."

"मग बोलली का न्हाईस गं, सटवे?"

"बोलले हुते की आधी. तुमी म्हनला, मुकाट भाकरी कर."

बाहेर बायकांची कुजबुज ऐकू येत होती. चांगुणाबाईनं पदर सावरला. "त्यास्नी सांग, मामंजींनी कुंकवाचं पानी सांडलं म्हनून."

"सांगते," रेश्मा म्हणाली आणि गजाकडे हात केला. "ही चिंधी फेकून देऊ?"

चांगुणाबाई डागावर साबण चोळत राहिली. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे."