मीकरते बाई आणि नवव्या पायरीवरचा वर्ग

पहिलीच्या बाईंचं खरं नाव शाळेत कुणालाच आठवत नसे. सगळे त्यांना 'मीकरते बाई' म्हणत. शिपाईमामा खुर्ची उचलायला वाकले, की मागून आवाज यायचा, "थांबा, मी करते." चित्रकलेच्या सरांनी खिळा ठोकायला हातोडी घेतली, की "थांबा, मी करते." सर वैतागून म्हणायचे, "या बाई एक दिवस माझी जांभईसुद्धा देऊन टाकतील."

आता हे काही बाई तोऱ्यात करायच्या नाहीत. उलट दयाच फार. कुणी अडलेलं दिसलं, की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. त्यामुळे त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बाई बांधायच्या, डब्यांची झाकणं बाई उघडायच्या, वाहती नाकं बाई पुसायच्या. मुलांनी फक्त पाय, डबा किंवा नाक, जे अडलं असेल ते पुढे करायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या म्हटल्या, तरी या वर्गात त्या रेघोट्यासुद्धा बाईच ओढून द्यायच्या!

अशा वर्गात एक दिवस टॅब आले.

हेडसरांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की आता मुलं वाचायला शिकतील आणि वाचता वाचता कोडिंगही शिकतील. पडद्यावर एक कासव होतं, त्याचं घर होतं आणि मध्ये एक तळं. खाली शब्दांचे ठोकळे: 'पुढे', 'मागे', 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांब'. मुलाने शब्द वाचायचा, हवा तो ठोकळा उचलून रांगेत लावायचा आणि कासवाला निघायला सांगायचं. कासव अतिशय आज्ञाधारक. बरोबर सांगितलं तर घरी जातं आणि चुकीचं सांगितलं तर तितक्याच नम्रपणे तळ्यात जाऊन पडतं. घरी पोचलं की मूल एक पायरी वर चढतं.

"म्हणजे एका वेळी एक गोष्ट, नीट क्रमाने सांगायची," शिकवायला आलेला तरुण म्हणाला. "चुकलं तर कुठे चुकलं ते शोधायचं आणि परत सांगायचं. बस, हेच कोडिंग."

बाईंना सगळं समजलं. फक्त ते तळं सोसलं नाही. कासव पाण्याच्या दिशेने निघालं रे निघालं, की बाईंचा जीव वरखाली. "अगं अगं, बुडेल ना ते! थांब, मी..." आणि बाईंचं बोट पडद्यावर. एक कासव वाचलं, की पलीकडच्या बाकावरचं दुसरं संकटात. बाई वर्गभर नुसत्या पळत होत्या. त्यांच्या कारकिर्दीत एकाही कासवाचं शेपूट ओलं झालं नाही.

टॅब हा फार भोळा प्राणी. बोट कुणाचं, हे तो विचारत नाही. बोट बरोबर पडलं, की तो खूश. तो वर्गाला पायऱ्या चढवत गेला आणि बघता बघता पहिलीचा अख्खा वर्ग नवव्या पायरीवर जाऊन बसला.

हेडसर तर हवेतच. "बाकीच्या शाळा तिसऱ्या पायरीवर धापा टाकतायत, बाई! वरच्या ऑफिसातले साहेब स्वतः बघायला येणार आहेत. काय जादू आहे हो तुमच्या हातात!"

बाई लाजल्या. हेडसर किती खरं बोलले होते, ते तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

कळलं ते खारूताईच्या आईमुळे. खारूताई म्हणजे पहिल्या बाकावरची, पुढचे दोन दात पडलेली आणि उरलेल्या दातांनी सतत पेन्सिल कुरतडणारी पोर. तिची आई कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती. ती स्वतः शाळेत गेली नव्हती. मुलगी नवव्या पायरीवर गेल्याचं तिने गल्लीत एकालाही सांगायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती लेकीला धरून दारात उभी राहिली. हात साबणाने पांढरे पडलेले, चेहरा उतरलेला.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"अहो विचारा ना."

"ही टॅबवर वाचते, मग बाहेर का नाही वाचत? काल दुकानात घेऊन गेले. मोठ्या मिजाशीत मालकाला म्हटलं, आमची पोर वाचते. टोपल्यांवर लिहिलेलं असतं ना, पांढरे, रंगीत, लोकर. हिला विचारलं, इथे काय लिहिलंय? तर म्हणे, कासव."

"आणि दुसऱ्या टोपलीवर?"

"तिथेही कासव. तिसऱ्यावरही कासवच. मालक हसून हसून बेजार. म्हणाला, आता गिऱ्हाइकांना कासवं धुवून मिळतील म्हणून पाटी लावतो." ती स्वतःही जराशी हसली, पण डोळे हसले नाहीत. "मला वाचता येत नाही, म्हणून मला फसवलं तर समजणारही नाही. तुम्ही खरं सांगा. येतं का हिला?"

बाईंनी तिथल्या तिथे फळ्यावर 'पुढे' असं ठसठशीत लिहिलं. "खारूताई, वाच बरं."

खारूताईने फळ्याकडे पाहिलंच नाही. तिने बाईंच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मोठ्या विश्वासाने वाट बघत राहिली.

पोरीला वाचायला येत होतं, अगदी उत्तम येत होतं. फक्त ती अक्षरं नाही, बाईंचं बोट वाचत होती.

"नाही येत," बाई म्हणाल्या. त्यांच्याच कानांना तो आवाज परका वाटला. "चूक तिची नाही. माझी आहे. मला थोडा वेळ द्या."

"द्यायलाच लागेल," खारूताईची आई म्हणाली. "पण साहेब येतील तेव्हा मी पण येणार. या खेपेला स्वतःच्या डोळ्यांनी बघणार."

घरी येऊन बाई स्वयंपाकघरात नुसत्या बसून राहिल्या. नवरा पोस्टात कारकून. घरात अशी शांतता त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात नवल काय? इतकी वर्षं तुझ्या हाताखाली आहे, मला तरी कुठे चहा येतो?"

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली! लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात पातेलं हातात घेतलं होतं. तू म्हणालीस, थांबा, मी करते. ते पातेलं मला त्यानंतर आजच दिसतंय."

बाई ताडकन उठल्या, पातेलं त्याच्या हातात दिलं आणि परत खुर्चीत येऊन बसल्या. पुढचा वेळ कसा गेला ते त्यांनाच ठाऊक. त्याने साखर आधी शोधली, मग मीठ चाखून पाहिलं, मग पाणी उतू घालवलं. बाईंचे हात इतके शिवशिवायला लागले, की त्यांनी शेवटी गरम भांडी उतरवायचे जाडजूड हातमोजे चढवले आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. चहा झाला. चवीला तो उकळलेल्या पोत्यासारखा होता. नवऱ्याने मात्र दोन कप प्यायले आणि मिशीवरून असा हात फिरवला, जसं काही चहाची पहिली पत्ती यानेच शोधली.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हातमोज्यांकडे. मग त्यांनी टेबलावरचा स्वतःचा मोबाइल ओढला आणि हातमोजा घालूनच पडद्यावर बोट टेकवलं. काही झालं नाही. दाबलं. तरी ढिम्म. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बाईंकडे साफ दुर्लक्ष करत होतं.

दुसऱ्या दिवशी बाई हातमोजे घालून वर्गात आल्या आणि सगळे टॅब पहिल्या पायरीवर आणून ठेवले. हेडसरांना दरदरून घाम फुटला.

"बाई, शुद्धीवर आहात ना? अहो साहेब येतायत! आजवर आपण पोरं पुढे ढकलत आलो, मागे ढकललेली कुणी ऐकलीयेत?"

"सर, नवव्या पायरीवर मी होते. पोरं अजून खालीच उभी आहेत."

"टॅब काढून घेतील हो दुसऱ्या शाळेला!"

"घेतले तर घेतले. पण येणाऱ्या माणसाला मी माझं बोट दाखवणार नाही. हात दाखवून अवलक्षण एकदा झालं तेवढं पुरे."

"आणि हे हातात काय? वर्गात काय भट्टी पेटवलीये?"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या.

पहिले काही दिवस म्हणजे नुसता जलप्रलय. कासवं धडाधड तळ्यात. मुलं बोटाची वाट बघत बसायची आणि बोट यायचं ते हातमोजा घालून, सवयीने पडद्यावर आपटायचं, काहीच व्हायचं नाही आणि वर्ग खदखदून हसायचा. खारूताई मात्र रडली. "बाई, तुम्ही माझ्यावर रागावलात. मला सांगतच नाही." बाईंना वाटलं, खड्ड्यात गेले हातमोजे! पण त्या तिच्याशेजारी बसून राहिल्या. फळ्यावर अक्षरं शिकवायची, आवाज पुन्हा पुन्हा काढून घ्यायचे, तळ्यात पडलेलं कासव कुठल्या ठोकळ्यावर चुकलं ते मुलालाच शोधायला लावायचं आणि नंतर गप्प बसायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. हाताला हातमोजा मिळाला होता, तोंडाला काय घालणार? बाई ओठ दाबून बसायच्या, तेव्हा त्यांचे गाल फुगून लाल व्हायचे. मग मुलंच एकमेकांना दटावायची, "लवकर वाच रे, बाई फुटतील!"

हळूहळू गंमत अशी झाली, की मुलांना बुडण्याची भीती वाटेनाशी झाली. कासव पाण्यात पडलं, की "परत!" म्हणून नवा डाव. चार-पाच मुलं दुसऱ्या पायरीवर गेली, एकजण तिसऱ्या. खारूताई पहिल्याच पायरीवर. 'पुढे' आणि 'थांब' तिला ओळखू यायला लागले होते, पण 'उजवीकडे'सारखा लांबलचक शब्द दिसला, की ती पेन्सिल कुरतडायला लागायची.

साहेब आले. साहेब बुटके, हसतमुख आणि बाईंच्याच जातकुळीतले, म्हणजे हाताला क्षणभर चैन नाही. खारूताईची आई कामावरून तशीच आली होती. ती लेकीच्या बाकाशेजारी उकिडवी बसली. साहेबही नेमके तिथेच येऊन थांबले.

"हाच का तो नवव्या पायरीचा वर्ग?"

हेडसरांनी डोळे मिटले.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "ती चढाई माझ्या बोटाची होती. हा पहिल्या-दुसऱ्या पायरीचा वर्ग."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. एवढ्यात खारूताईने 'पुढे' लावलं, परत 'पुढे' लावलं आणि अडली. कासवाला तळं चुकवून वळायला हवं होतं. तिने एक ठोकळा उचलला आणि कासव शांतपणे पाण्यात शिरलं.

"अरेरे, सोपं आहे बेटा, हे बघ..." साहेबांचं बोट निघालं.

"साहेब!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की शिपाईमामा दारातून आत डोकावले. बाईंनी एका हातातला हातमोजा काढला आणि साहेबांपुढे धरला. "हा घाला. मला पण लागतो."

हेडसर भिंतीला टेकले. साहेबांनी हातमोज्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने हातमोजा चढवला. मग दोघं एकेक हातमोजा घालून, बाईंचा मोकळा हात पाठीमागे मुडपलेला, असे बाकाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

खारूताईने नवा ठोकळा घेतला. "उ..."

बाईंचे गाल फुगले. साहेबांनी घसा खाकरला. वर्गात फक्त एकच माणूस अगदी स्वस्थ बसलं होतं, ती खारूताईची आई. तिला उत्तर येतच नव्हतं. सुचवणार तरी काय? ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. घाई नाही, काळजी नाही. दोरीवरचे कपडे वाळण्याची वाट बघावी, तसं.

"उ... ज... उज..." खारूताई थांबली. आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, म्हणजे चालू दे. "उजवी... क... कडे." आणि एकदम ओरडली, "उजवीकडे! अगं, उजवीकडे आहे हे!"

"असं होय?" आई म्हणाली. "मग लाव की."

तिने लावलं. कासव दोन पावलं पुढे गेलं, उजवीकडे वळलं, तळ्याच्या काठाकाठाने डुलत डुलत घरात शिरलं. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. खारूताईच्या आईने पदराने डोळे टिपले आणि लगेच कडक आवाजात म्हणाली, "परत वाच. मला नीट बघू दे कुठलं अक्षर कसं आहे."

साहेबांनी बाईंना विचारलं, "मग ही नवव्या पायरीवर केव्हा जाणार?"

बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या.

पण खारूताईला बोलायला सवड कुठे होती? ती नव्या तळ्याशी पोचली होती. "मा... मागे," तिने वाचलं, आईला ते अक्षर दाखवलं आणि चुकून तोच ठोकळा लावून दिला. कासव गुपचूप मागे गेलं आणि पाण्यात पडलं.

"बुडालं," आई म्हणाली.

"बुडू दे गं," खारूताई म्हणाली, "परत सांगते त्याला." आणि पुढचा ठोकळा वाचायला लागली.