आयत्या वेळचा विषय

आमच्या गावच्या दगडखाण सोसायटीची मी सभासद आहे. नवऱ्याच्या माघारी त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला. खरं सांगते, इतकी वर्षं मी वार्षिक सभेला जात होते ती पंगतीतल्या झणझणीत, डाळींच्या शिपी आमटीसाठी आणि सभासदांना मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यासाठी. चेअरमन एकेक विषय वाचणार, आम्ही मांडवातून "मंजूर" म्हणणार, की लगेच पंगत. आमच्या कर्जत भागात विषय ऐकायला कोण बसलंय?

यंदा मात्र मी जेवायला गेले नव्हते. उन्हाळ्यात खाणीचा कडा कोसळला आणि आमच्या शेजारच्या, ड्रिल मारणाऱ्या गड्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सोसायटी म्हणाली, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदाराने तर फोनच बंद करून ठेवला. गड्याची बायको माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "बाई, ते म्हंत्यात, बसून करायचं काम द्या, पर घरी बसवू नका." खाणीच्या वजनकाट्यावरची जागा रिकामीच होती. माझं डोकं फिरलं. डबे घेताना आम्ही मालक, आणि कडा पडला की मालक ठेकेदार? हे कुठलं शहाणपण?

सभेला मी तिला घेऊन गेले. सभासद नाही म्हणून तिला मांडवाच्या तोंडाशीच थांबवलं. विषय भराभर मंजूर होत गेले. शेवटी आयत्या वेळचा विषय, जो कधीच कोणी मांडत नाही. चेअरमन कागद मिटायला लागला तशी मी उठले. तो माझा चौथीतला विद्यार्थी, त्यामुळे मला "बसा" म्हणायची त्याची टाप नव्हती. मी त्याच्याच सुरात म्हणाले, "जखमी कामगाराला वजनकाट्यावर कायम नोकरी द्यावी, आणि कड्याला पायऱ्या पाडून तो सुरक्षित केल्याशिवाय खाण सुरू करू नये."

एव्हाना आमटीचा वास मांडवात शिरला होता. सगळा मांडव ओरडला, "मंजूर!"

चेअरमनने कपाळाला हात लावला. "अहो, ऐकलं तरी का? खाण बंद राहिली तर यंदा लाभांश न्हाई कुनाला."

पंगतीसाठी उठू लागलेले सभासद पुन्हा खाली बसले. न ऐकता म्हटलेलं मंजूर मलाही नको होतं. मी म्हणाले, "ती बघा, तिथं उभी आहे त्याची बायको. तिच्याकडे बघा आणि मग काय ते म्हणा."

माना वळल्या. ती पदर घट्ट धरून उभी होती. लाभांशाला आठ दिवस उशीर झाला तरी भांडणारे एक म्हातारबा काठी टेकत उठले. "मगाशी भुकेनं म्हनालो हुतो," ते म्हणाले, "आता बघून म्हनतो. मंजूर." मग एकेक हात वर जायला लागला. चेअरमननेही हसत हात वर केला. मला इतका आनंद झाला की तिला शेजारी बसवून मी आमटीच्या तीन वाट्या रिचवल्या.

कड्याला पायऱ्या पाडून झाल्या आणि खाण सुरू झाली. त्या दिवशी मी मुद्दाम काट्यावर गेले. गडी खुर्चीत ऐटीत बसला होता. समोर चेअरमनचाच ट्रॅक्टर, खडी जास्त भरलेला. गडी ड्रायव्हरला सांगत होता, "उतरव आधी. आन् चेअरमनला सांग, मला सभेनं बसवलंय हितं."

ड्रायव्हर मुकाट्याने फावडं घेऊन वर चढला. डबा द्यायला आलेली बायको बाजूला उभी राहून पोट धरून हसत होती.