नव्या तांदळाची टोपली

शेठाणीने आमचा तांदूळ कोंबड्यांना टाकला. माझ्या डोळ्यांदेखत.

मी तेव्हा तिसरीत असेन. बाच्या डोक्यावर टोपली होती. तिच्यात त्या सालचा पहिला तांदूळ, लाल, आयने उखळात कांडलेला, वर पळसाची पानं. कैनाडच्या पुढे आमचा पाडा. तिथून शेठच्या बंगल्यापर्यंत आम्ही चालत आलो होतो. बाने पायरीपासून लांब टोपली उतरवली नि हात जोडले. शेठाणी झोपाळ्यावर बसली होती. गड्याने पान बाजूला केलं. तिने बसल्या जागेवरून बघितलं.

"हा लाल तांदूळ कोण खाणार? कोंबड्यांना टाक."

गड्याने टोपली उपडी केली. कोंबड्या धावल्या. आणि माझा बा हसला. घरात चढ्या आवाजात बोलणारा, पाड्यात कोणाचं ऐकून न घेणारा माझा बा तिथे हात जोडून हसत उभा होता. तांदळाचं मला एवढं काही वाटलं नाही. त्या हसण्याने मी मेले.

आमच्यात नवं पीक आधी कणसरीला दाखवतात. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. मग मेलेले वाडवडील, मग आपण. आमच्या पाड्यात मात्र देवीच्याही आधी शेठ होता. त्याच्या दारात टोपली पोचेस्तोवर घरात नव्या तांदळाला कोणी हात लावायचा नाही. खळ्यावरच्या वासाने आम्ही पोरं वेडी व्हायचो, आणि आय आमच्यापुढे नागलीची पेज ठेवायची. त्या दिवशी आमच्या कणसरीच्या आधी शेठच्या कोंबड्या जेवल्या.

परतताना मी विचारलं, "बा, आपुन देतो कशाला?"

"रीत हाय," बा म्हणाला.

कसली रीत! ती कुठून आली ते आजा सांगायचा. जमीन आमच्या वाडवडिलांची. इंग्रजांच्या राज्यात ती कागदावर शेठच्या पणज्याची झाली. कशी झाली ते आमच्यातल्या कोणाला वाचता आलं नाही. मग कसायचं आम्ही, नि निम्मं भात त्यांच्या कोठारात. वर वेठ. बोलावलं की फुकट गवत कापायला जायचं. नाही गेलं तर झाडाला बांधून मारायचे. आजालाही तसंच मारलं होतं. एका साली पाड्यापाड्यांनी ठरवलं, वेठीला जायचं नाही. कोयता अडकवायची लाकडी आकडी आमच्या माणसांच्या कमरेला कायम असते. ती कोयत्यासकट घरी ठेवून माणसं शेठच्या दारात नुसती जाऊन बसली. रिकाम्या हातांवर मारामारीचा आळ कसा घेणार? मार खाल्ला. उठली नाहीत. वेठ बंद झाली. पुढे कायदाही आला, कसेल त्याची जमीन.

टोपली तेवढी राहिली. भीती होती तेव्हा तिला भीती म्हणत होतो. ती अंगवळणी पडली, तशी आम्ही तिला रीत म्हणायला लागलो.

कायद्याने जमीन आमची झाली, पण सातबारावर आमची नावं काही चढली नाहीत. आम्ही कसत राहिलो, तेवढ्यावर निर्धास्त. गेल्या साली शेठचा नातू मुंबईहून आला. हायवे जवळ, त्याला इथे रिसॉर्ट काढायचं होतं. जमीन आमचीच, असा त्याने सरकारात अर्ज केला, मग तिथला साहेब शेतावर चौकशीला आला. सगळा पाडा गोळा झाला. नातू म्हणाला, "हे कसतात आमच्या मेहरबानीने. अजून जमिनीचा खंड आणून देतात. मालक कधी खंड देतो का?"

साहेबाने बाला पुढे बोलावलं. "दरवर्षी पहिला तांदूळ तुम्ही यांच्या घरी देत होता की नाही?"

बाला खोटं बोलता येत नव्हतं.

"व्हय. देत होतो."

"पन तो खंड नाय, तो मानाचा..." बा पुढे सांगत होता. साहेब तोवर दुसऱ्याकडे वळला होता.

बा घरी येऊन ओट्यावर बसला. "मीच दिली," म्हणाला. "माज्या हातानं जमीन दिली."

"तांदूळ दिलास. जमीन नाय दिलीस," आय म्हणाली. त्याला ते पटलं नाही. त्या पावसात भाताच्या आवणीला तो चिखलात उतरला नाही. बांधावर बसून आमच्याकडे बघत राहायचा. भात पोटरीला आलं तेव्हा गेला. आपण पोरांची जमीन घालवली, असं समजून माझा बा मेला. मला ते सहन होत नाही. आजही नाही.

कापणी झाली तसा शेठचा मुकादम पाड्यात आला. "टोपली कधी आणता? छोटे शेठ फोटो काढणार आहेत." मागोमाग कुंपणाचे सिमेंटचे खांब घेऊन टेम्पो शेतात आला.

आजाने केलं तेच आम्ही केलं. माणसांनी आकड्या घरी ठेवल्या. आम्ही बाया टोपल्या घेऊन शेतात गेलो नि खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांत बसलो. तिथेच तीन दगड मांडून नवा भात शिजवला. पोलीस आले. आम्ही उठलो नाही, शिवी दिली नाही. मग नातू स्वतः आला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तमाशा कशाला करते? तुझा बाप समजदार होता. एक टोपली घरी पाठव, मी खांब थांबवतो."

माझ्या मांडीशी बाचीच टोपली होती. त्याने वळलेली चुंबळसुद्धा तिच्यात तशीच होती. मी एका पानावर कणसरीला भात वाढला. दुसऱ्या पानावर बाला. मग नातवाच्या तोंडाकडे बघत पहिला घास घेतला. रडत रडत खाल्ला, पण खाल्ला.

खांब अजून बांधावर पडून आहेत, त्यांच्यावर गवत आलंय. निकाल लागलेला नाही. आम्ही पाळीपाळीने शेतात बसतो. पाड्यातले काही म्हणतात, तुझा बा कधी देतच नव्हता असं सांग, सुटशील. नाही सांगणार. जन्मभर खरं बोललेल्या माणसाला मेल्यावर खोटा पाडू?

पुन्हा साहेब येईल, पुन्हा तेच विचारेल. मी सांगेन, हो, बा देत होता. ज्यांनी त्याच्या बापाला झाडाला बांधून मारलं, त्यांनाही स्वतःच्या तोंडचा पहिला घास देत होता. हेही लिहून घ्या.

आणि मी देत नाही. एक दाणा नाही.