चिरंजीव आणि गुडघे टेकलेला कैदी

रेकॉर्डिस्ट बाईंनी चिरंजीवांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सातव्या मजल्यावरून खाली येत होते. जिन्याने नव्हे, लिफ्टनेही नव्हे. हवेतून. आणि तेही पुरुषांच्या स्वच्छतागृहात उभ्या उभ्या.

झालं असं, की बाईंचा स्टुडिओतला तो पहिलाच दिवस. लिफ्ट बंद म्हणून त्या जिना चढत होत्या, तोच वरून एक किंकाळी आली. बाईंच्या सांगण्यानुसार त्या किंकाळीने जिन्याचे कठडे थरथरले, खिडकीतली कबुतरं कायमची गाव सोडून गेली आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातून तीन रोगी उपचार न घेताच घरी पळाले. हा आकडा दरवर्षी वाढतो. सुरुवातीला एकच रोगी होता.

बाईंनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपसलं, दारावर लाथ घातली आणि खुनी दिसेल त्याच्या डोक्यात घालायच्या तयारीने आत शिरल्या. आत खुनी नव्हता. बेसिनसमोर एक उंच, काटकुळा, साठीचा माणूस गळ्यात मफलर गुंडाळून, डोळे मिटून, मनापासून ओरडत होता. त्याने एक डोळा उघडला.

"काय हो ताई," तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "दोनच मजले राहिले होते माझे. आता पुन्हा वरून पडणं आलं."

हे चिरंजीव. व्हिडिओ गेममध्ये जी माणसं पटापट मरतात, त्यांच्या मरणाचे आवाज काढणं हा त्यांचा पेशा. पुन्हा पुन्हा मरतात म्हणून स्टुडिओने त्यांचं हे नाव ठेवलेलं. आधी ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांत काम करायचे. पाठांतर इतकं कच्चं, की प्रत्येक दिग्दर्शक त्यांना पहिल्याच अंकात मारून टाकायचा. मरायचे मात्र असे, की पुढच्या दोन अंकांत प्रेक्षकांना जिवंत माणसं फिकी वाटायची. तीस वर्षं लोक त्यांना 'तुम्हाला अभिनय जमत नाही' असं सांगत आले होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, की आम्हाला फक्त तुम्हीच हवे. त्यामुळे या नोकरीत त्यांचा जीव होता.

कामाची पद्धत मात्र छळवादी होती. बाईंच्या हातात यादी असे: गोळी, जवळून; गोळी, लांबून; पाण्यात बुडणे, पाच सेकंद. त्या काचेपलीकडून म्हणत, "काका, शत्रू क्रमांक चार. गोळी, लांबून."

"कोण आहे हा चार नंबर?"

"शत्रू आहे काका. मरा."

"असं कसं मरा? करतो काय? लग्न झालंय?"

मग बाईंनी काहीतरी ठोकून द्यायचं, की सुतार आहे, नुकतीच मुलगी झालीय, बूट चावतोय. ते ऐकलं की चिरंजीव एका फटक्यात असे मरत, की बाईंना त्या सुताराच्या घरी कळवावंसं वाटे. घरी मात्र त्यांना मरायला सक्त मनाई होती. बायको दारातच विचारायची, "आज किती?" "एकवीस." "मग गरम पाणी प्या आणि गप्प बसा."

पाच वर्षं सगळं सुखाने चाललं. मग कैदी आला.

नव्या खेळाचा मुख्य रचनाकार तिशीतला दाढीवाला तरुण होता. त्याला सगळे सेनापती म्हणत. कागदावर त्याने चार लाख माणसं कामी आणली होती आणि दंडावर लस टोचून घेताना त्याला दोघांनी धरावं लागे. जाहिरातीतल्या रक्तामुळे खेळावर आधीच ओरड सुरू होती. पालकांची पत्रं, वर्तमानपत्रांत वाद. सेनापती त्यावर खूश होता.

"काका, हा खेळातला सगळ्यात मोठा प्रसंग," तो म्हणाला. "कैदी गुडघे टेकून बसलाय, हात मागे बांधलेत. तुम्ही गयावया करायची. मग खेळणारा बटण दाबतो, मग तुम्ही नेहमीसारखे."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर पुढचं दारच उघडत नाही. दाबावंच लागतं."

"मग मी विनवतोय कुणाला?"

"खेळणाऱ्याला!"

"त्याला ऐकायची सोयच नाही म्हणता ना?"

"काका, युद्ध असंच असतं. लोकांना हलवायचंय मला."

"युद्धात बंदूक खाली ठेवता येते, साहेब. ठेवणारे थोडेच असतील, पण ठेवता येते. तुम्ही तीही वाट बंद केलीत. म्हणजे माणसाला जबरदस्तीने दुष्ट करायचं आणि वर विचारायचं, कसं वाटतंय?"

"अहो, खेळ आहे! खरं कोण मरतंय यात?"

"मी," चिरंजीव म्हणाले. "आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार. आणि माझी हरकत मरायला नाही. समोर बंदूकवाला असला तर त्याने मारावं, मी मरावं, हिशेब सरळ आहे. पण ज्याचा उपयोगच होऊ शकत नाही, अशी विनवणी मला काढता येणार नाही."

त्यांनी मफलर गुंडाळला आणि ते घरी गेले. जाताना दार मात्र हळू लावलं.

सेनापती तणतणला. मग बाईंकडे वळला. "तुमच्याकडे त्यांच्या जुन्या फायली असतील ना? तालमीतल्या, टाकून दिलेल्या? त्यातून विनवणी जोडा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर नवा माणूस आणतो, मग काकांना कायमची सुट्टी."

बाईंकडे तीनशेच्या वर फायली होत्या. त्या दोन दिवस बसल्या. कुठून एक 'नको' घेतला, कुठून 'ऐका ना', कुठून नुसतं आवंढा गिळणं. चिरंजीवांना न विचारता त्यांच्याच आवाजाने त्यांना भीक मागायला लावताना बाईंना आपण खिसा कापतोय असं वाटत राहिलं. आणि वाईट म्हणजे काम झकास जमलं.

शुक्रवारी त्यांनी सेनापतीच्या कानांवर हेडफोन चढवले. "खेळून बघा."

पडद्यावर कैदी गुडघ्यांवर होता. बटणाची खूण लुकलुकत होती. सेनापतीने अंगठा वर आणला आणि तसाच ठेवला. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"दाबा की," बाई म्हणाल्या.

"दाबतो. त्यांचं बोलणं संपू दे."

"ते संपत नाही. शेवट सुरुवातीला जोडलाय मी. तुम्ही दाबेपर्यंत ते बोलतच राहणार."

सेनापतीने आणखी थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दाढी खाजवत बसला. चार लाखांच्या या मारेकऱ्याला एक कैदी मारवेना.

"काकांना हे ऐकवलंत?"

"नाही. लाज वाटली."

"पुसून टाका," तो म्हणाला. मग कागद ओढून हिशेब करत, "चाळीस सेकंद बटण दाबलं नाही तर बंदूक खाली येईल, कैदी उठून जाईल, दार उघडेल. माझ्या टोळीला आठ दिवसांचं काम. शिव्या घालतील मला."

"घालू देत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला लस टोचताना धरणारे तेच आहेत."

बाईंनी त्याच दुपारी चिरंजीवांना फोन केला आणि आधी फायलींची कबुली दिली. पलीकडे चिरंजीव घोटभर गरम पाणी प्याले. मग ते म्हणाले, "जमलं होतं का पण चांगलं?"

"फार."

"मग मला न ऐकवता पुसलंत ते बरं केलंत. ऐकलं असतं तर पुसू दिलं नसतं मी," ते म्हणाले. कैद्याला आता सुटायची वाट आहे हे कळल्यावर सोमवारी दहाला हजर झाले.

विनवणी पहिल्याच टेकमध्ये झाली. काचेपलीकडे बाईंनी डोळे पुसले. सेनापती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला. मरणही नेहमीप्रमाणे एका फटक्यात उरकलं.

अडलं ते जगण्याशी. सुटलेल्या कैद्याचा एक सुस्कारा हवा होता आणि उठताना एखादा शब्द. पण चिरंजीवांच्या घशाला एकच वाट ठाऊक. सुटकेचा म्हणून जो श्वास बाहेर येई, तो सरळ परलोकी जाई.

"काका, तुम्ही वाचलात!"

"हो, वाचलोच की आता."

"छे, गेलात."

सोळा टेक झाले. चिरंजीव घामाने निथळले. एवढी वर्षं मेलो, ते किती सोपं होतं, असं पुटपुटले. शेवटी त्यांनी मफलर उचलला आणि काचेतून पडेल चेहऱ्याने, बारीक आवाजात विचारलं, "ताई, जाऊ मी?"

माइक चालू होता. बाईंनी सेनापतीकडे पाहिलं. सेनापतीने नुसती मान डोलावली.

"जा काका," बाई म्हणाल्या. "हाच टेक ठेवतोय."

खेळ बाजारात आला. वाद झाला, थोडा पालकांशी, थोडा खेळणाऱ्यांशी, आणि पहिल्यांदाच वर्तमानपत्रांतल्या पत्रांत लोक एकमेकांना विचारू लागले, की तू दाबलंस का. चिरंजीवांच्या बायकोने त्यातल्या एका पत्राचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सेनापतीने पुढच्या खेळात तीन ठिकाणी बंदूक खाली ठेवायची सोय केली आणि त्या तिन्ही माणसांची नावं चिरंजीवांना आधीच विचारून घेतली.

सहा महिन्यांनी कंपनीने आकडे काढले. शंभरातल्या अकरा जणांच्या हातून कैदी सुटला होता. त्यातल्या नऊ जणांचा खेळ त्यानंतर अर्धा तास तसाच उभा होता. ते बहुधा जेवायला उठले होते.