भोकाचा पैसा

सोलापुरात पैशाच्या मागे धावणारी माणसं पुष्कळ आहेत. पण जो पैसा रस्त्यात पडला तर कुणी वाकूनही बघणार नाही, त्याच्या मागे धावणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे साडू निघाले. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला तांब्याचा भोकाचा पैसा हे त्यांचं एकमेव व्यसन. तो जुन्या ट्रंकांच्या तळाशी आजही सापडतो, म्हणजे दुर्मिळसुद्धा नाही. दुर्मिळ नाणं दाखवलं तर साडू जांभई देतात. झिजून गुळगुळीत झालेला पैसा माझ्या तळहातावर ठेवून म्हणतात, "ह्यो बघा. ह्यानं लई बाजार केलाय." एकदा माझ्या पुतणीच्या मुलाच्या बारशाला ते पाळण्यावर बराच वेळ वाकून उभे होते. बायका म्हणाल्या, किती माया आहे. साडूंनी बाळाच्या करदोट्यातला पैसा हळूच उलटा केला आणि उजळल्या चेहऱ्यानं म्हणाले, "चव्वेचाळीसचा दिसतोय की." बाळाच्या आजीनं घाबरून मूल उचललं, आणि तिची समजूत घालण्यात माझं जेवण राहिलं.

त्यांची खरी शिकार मात्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. पूर्वी टॉवेलच्या मागात नटाखाली घालायला वायसर मिळाला नाही, की माग दुरुस्त करणारे जॉबर हाच पैसा घालत. साडू खिशात नवे वायसर घेऊन हिंडतात आणि अदलाबदल करतात. एका मागापाशी मात्र ते पान्हा लावत, थांबत, आणि पान्हा परत पिशवीत टाकत. तिथला पैसा त्यांच्या जॉबर वडिलांनी बसवलेला. मालक माझ्या ओळखीचे. घेऊन जा म्हणून कितीदा सांगून थकले. साडूंचं उत्तर ठरलेलं. "राहू द्या. आमचे आप्पा अजून कामावर हायेत."

गेल्या महिन्यात मालकांनी जुने माग भंगारात काढले आणि तो पैसा आठवणीनं माझ्याकडे दिला. मी कागदात गुंडाळून मोठ्या ऐटीत साडूंकडे नेला. त्यांनी पुडी उघडली, पण साल पाहिलं नाही. तेलानं काळा पडलेला पैसा मुठीत धरून एवढंच विचारलं, "माग बंद पडला व्हय?"

मी हो म्हणालो, आणि आपण ऐटीत आलो याची मला फार लाज वाटली. आप्पांना जाऊन तीस वर्षं झाली आहेत. पण साडूंनी मेव्हणीला हाक मारून सांगितलं, आज चूल पेटवू नको. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिनं लगेच पिठलं-भाकरी केली आणि मरणाच्या घरी नेतात तशी झाकून बहिणीकडे नेली.